रोह्याचे शहाणे दिवे आणि हमरापूरचे डोळे

सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात, अगदीच नाही तर कुणाच्या तरी लग्नाला जातात. आम्ही नवरा-बायको या वेळी रोह्याला गोडाऊनचे दिवे बघायला गेलो. हसा, खुशाल हसा. आमच्या शेजारच्या काकू तर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण इतकी धाकधूक आणि इतकी मजा एकाच सहलीत मला बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आमच्या यांच्याबद्दल. यांचा धंदा दिव्यांचा. घरातले नव्हे, कारखान्यांचे, गोडाऊनचे, मोठमोठ्या शेडचे. पूर्वी छतावर ते गरम होणारे, घुंघुं करणारे मोठे दिवे असायचे ना, ते काढून हे एलईडी बसवतात आणि त्यांना सेन्सर लावतात. मी त्यांना शहाणे दिवे म्हणते. माणूस आला की उजळायचं, गेला की विझायचं, बाहेर ऊन वाढलं की आपला प्रकाश कमी करायचा, आणि दिवसभर कोण किती पेटलं याची चुगली मालकाच्या मोबाइलवर करायची. आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातसुद्धा यांनी हौसेने असा एक लावलाय. मी मेथी निवडत बसले की थोड्या वेळाने गुडुप अंधार. मग मी हातातली जुडी हवेत फिरवते, दिवा लागतो, मी पुढे निवडते. यांना कधी बोलले नाही. किती कौतुकाने लावलाय, आता कुठे तोंड उघडायचं.

तर होळी होऊन गेली आणि एका सकाळी विलासरावांचा फोन आला. विलासराव म्हणजे माझी धाकटी नणंद सुमन, तिचे यजमान. हमरापूरला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे.

"वहिनी, दादा जवळ हायेत का?"

"अंघोळीला गेलेत."

"मग बोलतो. वहिनी, दादांच्या दिव्यांनी आमची पार वाट लागलीय हो!"

गेल्या भाऊबीजेला यांनी सुमनला साडी दिली नाही, दिवे दिले. अख्ख्या कारखान्याला. दोन दिवस तिथे राहून, स्वतः शिडीवर चढून बसवले. आणि आता विलासराव सांगत होते की सुमन आखणीला बसली की तिच्या डोक्यावरचा दिवा मधेच विझतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. त्या कारखान्यात रंगाचा ब्रश सगळ्या बाया धरतात, पण डोळ्यांना सुमनशिवाय कुणी हात लावत नाही. तिने आता दिव्याचा नादच सोडला होता. खिडकीशी बसायची आणि ऊन आहे तेवढा वेळ डोळे आखायची. परदेशात जाणाऱ्या मूर्तींची ऑर्डर पाडव्याच्या आत गाडीत भरायची होती आणि मूर्ती नुसत्या तयार होऊन डोळ्यांवाचून बसल्या होत्या.

"अहो, मग काढा ते दिवे आणि लावा जुनी ट्यूब," मी म्हटलं.

"कशी लावू? दादा मोबाइलवर बघतात ना! परवा दिवे बंद दिसले तर लगेच फोन, सुमे, आज कारखाना बंद का गो? आणि सुमन ऐकतच नाय. म्हणते, भावाने दिलेल्या ओवाळणीत मी खोट काढायची नाय. मी तुम्हाला फोन केला हे तिला कळलं तर माझी धडगत नाय. तुम्ही पण दादांना माझं नाव सांगू नका."

मी शब्द दिला. फोन ठेवला आणि मग कळलं की आपण नुसतं शब्द देऊन बसलोय, करायचं काय ते ठाऊक नाही. हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "अहो, ते रोह्याचे नाईकसाहेब कधीपासून बोलावतायत ना त्यांचं गोडाऊन बघायला? जाऊ या की. येताना हमरापूर करू." यांचा चेहरा असा काही फुलला की मला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी पहाटे निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: आपली गाडी नसेल तर पनवेलहून रोह्याची रेल्वेगाडी आहे, जिते, हमरापूर, पेण करत आरामात जाते, तिकीटही अगदी स्वस्त. फक्त फेऱ्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघून ठेवा. आम्ही आमची जुनी गाडी काढली. पनवेलला पोहे-चहा, पळस्प्यावरून गोव्याचा रस्ता धरायचा, कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला घेऊन खारपाड्याचा पूल ओलांडायचा. पेणपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे नागोठण्यापर्यंत कुठे पूल चाललाय, कुठे वळसा, तिथे घाई करू नका.

हमरापूर आलं तशी माझी चुळबुळ सुरू झाली. रस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या पाट्या, शेडबाहेर उन्हात ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती. "आधी सुमनकडे डोकावू या का?" मी विचारलं. "छे, नाईक वाट बघतायत. येताना निवांत," म्हणत यांनी गाडी दामटली. वडखळला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या, तिथे मात्र मी गाडी थांबवायला लावली. विकणाऱ्या बाईने भाव सांगितला, यांनी कमी करायला सांगितलं, बाई म्हणाली, "दादा, गाडीला तेल घालताना भाव करता का?" यांनी मुकाट्याने दोन माळा घेतल्या. वडखळ गेलं की यांची भाषाही बदलते हे मी लग्नापासून बघतेय. मूळचे नागोठण्याकडचे ना. डोंबिवलीत 'नाही' म्हणणारा माणूस इथे 'नाय' म्हणायला लागतो.

नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याला उतरलो. रोहा मला आवडतं. एका बाजूला कुंडलिका, दुसऱ्या बाजूला कंपन्या. आणि वारा फिरला की कोणती बाजू आहे ते नाक सांगतं. जेवायला स्टेशनच्या वाटेवर एक साधी खानावळ सापडली. जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. जिताडा थोडा महाग पडतो, पण एवढ्या लांब येऊन पापलेट मागणाऱ्यांना मी समजावायला जात नाही.

नाईकसाहेब एका कंपनीच्या गोडाऊनची सगळी देखभाल बघतात. यांचे जुने दोस्त, म्हणून आम्हाला आत जाता आलं. तुम्हाला कुणी असं सोडणार नाही, उगाच गेटवर माझं नाव सांगू नका. पायात जाड बूट आणि डोक्यावर पिवळं टोपडं घालून मी आत शिरले. छत केवढं उंच! मधे मधे दुधी पत्रे बसवलेले, त्यातून दिवसाचा उजेड खाली येत होता. "ऊन आहे तोवर दिवे अर्ध्यावरच ठेवतो," नाईकसाहेब म्हणाले, "आणि जे जळतात ते वरच्या सोलरवर." तेवढ्यात एक माल उचलायची गाडी समोरच्या बोळात शिरली. ती पुढे जाईल तसे तिच्या डोक्यावरचे दिवे एकेक करत उजळत गेले आणि मागचे हळूच मंद होत गेले. मी आ वासून बघत राहिले. इतकी वर्षं जेवताना हे सगळं ऐकत आले होते, पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते.

हे तर लहान पोरासारखे खूश. इथला दिवा बिघडला तर सगळा फेकत नाहीत, आतला एक डबा तेवढा बदलतात, हे मला तीनदा दाखवलं. शेजारच्या केमिकलच्या कंपन्यांत दिवे जाड काचेत बंद करावे लागतात, ठिणगी बाहेर पडता कामा नये, हेही सांगितलं. मग मोबाइल काढून नाईकसाहेबांना म्हणाले, "आता माझ्या बहिणीच्या कारखान्याचं बघा. वीज किती वाचतेय ते!"

नाईकसाहेबांनी चष्मा वर करून बघितलं. "एवढी? अहो, तिथे काम चालू आहे ना?"

"म्हणजे काय! सीझन जोरात आहे."

मी एका खोक्यावरची चिठ्ठी वाचायला लागले. इंग्रजीत, बारीक अक्षरात. पूर्ण वाचली.

गोडाऊनच्या टोकाला शौकतभाईंचं टेबल होतं. ते इथले स्टोअरकीपर, बरीच वर्षं कुवेतला काढून आता रोह्याला परतलेले. खुर्चीत बसून बारकोडच्या चिठ्ठ्या लावत होते. चहा आला, गप्पा सुरू झाल्या, आणि बोलता बोलता शौकतभाईंनी मधेच उजवा हात डोक्यावर नेऊन हलवला. मला वाटलं, कुणाला तरी बोलावतायत. थोड्या वेळाने परत हलवला.

"माशी आहे का हो?" मी विचारलं.

"नाही वहिनी, दिवा आहे." ते हसायला लागले. "मी बसून काम करतो ना, त्याला वाटतं इथे कोणी नाहीच. विझतो. कुवेतला साहेबाला सलाम करायचो, इथे दिव्याला करतो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. अगंबाई! माझी मेथीची जुडी! आणि सुमन! डोळे आखताना सुमन श्वाससुद्धा रोखून धरते, हलायचं नाव नाही. दिव्याला वाटत असणार, कारखाना ओस पडला.

"पण हे विझणं थांबवता येत नाही का?" मी नाईकसाहेबांना विचारलं.

"येतं की. मोबाइलवरून वेळ वाढवायची. नाहीतर तेवढा एक दिवा साध्या बटणावर घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. शौकतभाईच ऐकत नाहीत."

"राहू दे," शौकतभाई म्हणाले, "खांदा मोकळा राहतो."

दोन मिनिटांचं काम! आणि तिकडे भाऊबीजेपासून एक बाई खिडकीशी बसून सूर्याच्या मागे धावतेय, कशासाठी, तर भावाला वाईट वाटू नये. मला सुमनचा रागही आला आणि मायाही आली.

संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेलो. पलीकडच्या कंपन्यांचे दिवे लागले होते, सगळे माना खाली घातलेले. हे म्हणाले, पूर्वी ते आभाळात उजेड फेकायचे, आता फक्त जमिनीवर पाडतात, झाडावरच्या पाखरांनाही झोप लागते. मी ठरवलं, हीच वेळ आहे. "अहो," मी सुरुवात केली, "सुमनच्या दिव्यांचं काय..."

"तेच म्हणतोय मी!" यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "इतकी वर्षं साड्या दिल्या. कपाटात जाऊन पडतात गं. या भाऊबीजेला पहिल्यांदा वाटलं, बहिणीला काहीतरी कामाचं दिलं. रोज सकाळी मोबाइल उघडतो, तिचा दिवा लागलेला दिसला की बरं वाटतं. उद्या तिचा व्हिडिओ काढणार आहे, आखणी करताना. गिऱ्हाइकांना दाखवीन." मी आपलं, भेळ खाऊया म्हटलं.

रविवारी सकाळी रोह्याहून थेट पेणला न जाता आम्ही कोलाडचा वळसा घेतला. कारण एकच: मिसळ. हायवेच्या कडेला छपराखाली बाकडी टाकलेली ती टपरी यांना माहीत होती. मिसळ झणझणीत, दोघांचं पोटभर होऊन दोनशेच्या आत. मी चवीने खात होते आणि समोर बसलेल्या एका ट्रकवाल्याने आपली ताटली दोन्ही हातांनी धरली. "काका," तो यांना म्हणाला, "भूकंप आला का तुमच्याकडे?"

सांगायचं राहिलं. हे बसले की यांचा उजवा पाय हलायला लागतो. जेवताना, टीव्ही बघताना, देवळात, डॉक्टरकडे. सासूबाई होत्या तोवर रोज ओरडायच्या, "पाय हलवू नको रे, घरातली लक्ष्मी निघून जाते!" लक्ष्मी गेली की राहिली देवाला ठाऊक, पाय मात्र कधी थांबला नाही. त्या दिवशी बाकडं हलून ट्रकवाल्याची तर्री सांडली, यांनी माफी मागितली, पाय थांबला, आणि चहा येईपर्यंत परत सुरू. मी त्या पायाकडे बघत राहिले. यांनी हमरापूरचे दिवे तपासले कसे असतील ते मला लख्ख दिसलं. आता कसं सांगायचं याची काळजी जरा कमी झाली.

पेणला बाजारात पापडांसाठी थांबलो. पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया. दुकानातल्या बाईंनी पापड हातात देऊन सांगितलं, "घ्या ताई, तळलात की दुप्पट फुलतील. नाय फुलले तर परत आणा." इथे घासाघीस करू नका, सगळीकडे भाव जवळपास सारखाच आहे आणि माल ताजा आहे. सुमनसाठी जिलेबी घेतली आणि दुपारी हमरापूरला पोचलो.

सुमन धावतच बाहेर आली. हाताला पिवळा रंग, चष्मा केसांत खोचलेला. "काय गो वहिनी, वाळलीस किती!" हे ती मला दर वेळी म्हणते आणि दर वेळी खोटं असतं. विलासरावांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आत शिरलो. रांगाच्या रांगा. आधी नुसत्या पांढऱ्या, मग पितांबर झालेल्या, मग दागिने झालेल्या, आणि शेवटच्या रांगांत सगळं सगळं झालेल्या, फक्त डोळे नाहीत. इतके गणपती आणि एकही बघत नव्हता.

"हे काय?" यांनी कोपऱ्यातल्या टेबलफॅनकडे बोट दाखवलं. त्याच्या जाळीला रंगीत झिरमिळ्या बांधल्या होत्या. सेन्सरला फसवायला विलासरावांनी केलेला तो उपाय. पण पंख्याने धूळ उडून ओल्या रंगाला चिकटायची, म्हणून बंद पडलेला.

"शोभेला, दादा," विलासराव म्हणाले.

"कारखान्यात शोभा?"

"गणपतीचा कारखाना हाय ना," ते छताकडे बघत म्हणाले. मला हसू दाबताना खोकला आला.

"दिवे कसे चाललेत गो सुमे?"

"एकदम झकास," सुमन म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता.

"मग बस आखणीला. मी व्हिडिओ काढतो."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मग स्टुलावर बसली, समोर मध्यम उंचीची एक मूर्ती ओढली. "ही तुमच्याच घरची हाय, दादा." दिवा लख्ख होता. तिने ब्रश रंगात बुडवला आणि डुलायला लागली. खरंच सांगते, पाढे म्हणणाऱ्या शाळेतल्या मुलीसारखी पुढे-मागे डुलत होती. पाय हलवत होती, डावा हात उगाच उचलून बांगड्या मागे सारत होती, आणि उजव्या हाताने देवाचे डोळे आखत होती. एक डोळा कसाबसा झाला. दुसऱ्या डोळ्याच्या पापणीची रेघ अर्ध्यावर आली आणि ब्रश निसटला. काळी रेघ कानाच्या दिशेने निघून गेली.

दागिने रंगवणाऱ्या बायांचे हात थांबले. सुमनची रेघ चुकलेली तिथे कुणी पाहिली नव्हती. सुमनने पटकन ओल्या फडक्याने डोळा पुसला. "माझंच ध्यान नव्हतं," ती म्हणाली, "हात कापायला लागला वाटतं आता माझा." ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

झालं. माझा संयम संपला. मी विलासरावांना दिलेला शब्द त्यांचं नाव न घेण्याचा होता, गप्प बसण्याचा नव्हता. "अहो, तो मोबाइल ठेवा," मी यांना म्हटलं. "सुमन, तू ऊठ. तुम्ही बसा या स्टुलावर."

"अगं पण..."

"बसा म्हणते ना."

हे बसले. बसल्याबरोबर उजवा पाय सुरू. मी एक बादली पालथी घातली, शेजारी बसले आणि यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला. "आता हलायचं नाही. कुणीच हलायचं नाही."

"काय चाललंय हे?"

"शू."

सगळे गप्प. गुडघा माझ्या हाताखाली धडपडत होता, मी सोडला नाही. बाहेर कुणाची तरी रिक्षा गेली. मग डोक्यावरचा दिवा मंद झाला, आणि विझला. करड्या उजेडात बिनडोळ्यांचे सगळे गणपती आमच्याकडे तोंड करून बसलेले. यांनी वर बघितलं, बराच वेळ बघत राहिले.

"पण मी तपासलं होतं," हे हळूच म्हणाले. "याच स्टुलावर बसून. चांगला तासभर बसलो होतो. एकदाही विझला नव्हता."

मी गुडघ्यावरचा हात काढला. पाय हलायला लागला आणि दिवा लागला.

पहिल्यांदा विलासराव हसले. मग बाया, मग मी, मग सुमन, पोट धरून, डोळे पुसत. हे मात्र हसले नाहीत. "सुमे," म्हणाले, "भाऊबीजेपासून?"

सुमन फडक्याला हात पुसत राहिली.

"अगो, दोन मिनिटांचं काम होतं. एक फोन करायचा."

"तू ओवाळणी दिलीस दादा. ओवाळणीत खोट काढतात का कोण?"

"मग ते दिवे तुझ्यासाठी होते की माझ्या मोबाइलसाठी?" हे स्टुलावरून उठले. "रोज बघायचो मी. बचत किती, बचत किती, करत गावभर दाखवत फिरलो. आणि तू खिडकीत बसलीवतीस."

पुढचं काम खरंच पटकन झालं. हे आणि विलासराव पेणला जाऊन एक साधं बटण घेऊन आले. अगदी आपल्या घरात असतं तसं, टक् वाजणारं. सुमनच्या डोक्यावरचे दिवे सेन्सरमधून काढून त्या बटणावर घेतले आणि बटण तिच्या डाव्या हाताशी बसवलं, कारण उजव्यात ब्रश असतो. मागच्या माळ्यावर, जिथे कच्च्या मूर्ती ठेवतात आणि क्वचितच कुणी जातं, तिथे शहाणे दिवे तसेच ठेवले. तिथे ते शोभतात. झिरमिळ्यांचा पंखा विलासरावांनी स्वतःच उचलून नेला.

शेवटी यांनी मोबाइल काढला. "हे पण काढून टाकतो. आता तुझ्यावर कोण लक्ष ठेवणार नाय."

"असू दे रे," सुमन लगेच म्हणाली. "तू बघतोस म्हणून बरं वाटतं. आई गेल्यापासून रोज फोन करणारा दुसरा कोण हाय मला?" यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि बटणाचा स्क्रू उगाच परत एकदा आवळला.

मग सुमन आमच्या मूर्तीसमोर बसली. डाव्या हाताने टक् केलं. चष्मा लावला, श्वास घेतला आणि रोखला. ना डोलणं, ना बांगड्या. आम्हीही श्वास धरून उभे. एका दमात रेघ उतरली, मग दुसरी, मग बुबुळ. दिवा विझला नाही. ती बाजूला झाली आणि बाप्पाने आमच्याकडे बघितलं. मी हात कधी जोडले मलाच कळलं नाही.

जिलेबी खाऊन, पापड-कांदे सांभाळत अंधार पडायच्या सुमारास घरी आलो. खर्चाचं विचाराल तर पेट्रोल, टोल, रोह्याचं साधं लॉज आणि खाणंपिणं धरून महाबळेश्वरच्या एका रात्रीच्या भाड्यात सगळं बसलं. हमरापूरला जाणार असाल तर कारखाने बघता येतात, लोक प्रेमाने दाखवतात. फक्त आखणी चालू असेल तिथे बोलू नका. पाडव्याच्या दोन दिवस आधी विलासरावांचा फोन आला, या वेळी यांच्याच मोबाइलवर, उजळ माथ्याने: गाडी भरून गेली, सगळे गणपती डोळ्यांनिशी गेले.

आणि परवाची गोष्ट. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. दिवा विझला. सवयीने मी जुडी उचलणार, तोच दिवा लागला. मान वळवली तर हे दारात उभे, एक हात वर करून, शौकतभाईंसारखे.

"तू पण?" हे म्हणाले. "कधीपासून?"

"लावलात तेव्हापासून."

हे तसेच वळले. आत जाऊन पिशवीतून आणखी एक साधं बटण काढून आणलं. पेणला दोन घेतली होती म्हणे, मनात शंका आलीच होती. स्क्रूड्रायव्हर शोधायला निघाले, तर मी म्हटलं, "राहू द्या हो. आधी चहा घ्या." चहा घेऊन हे माझ्यासमोर स्टुलावर बसले. कारखान्यातल्या गमती सांगायला लागले, पाय हलायला लागला. सगळी मेथी निवडून झाली तरी दिवा विझला नाही.

ते बटण अजून ओट्यावर तसंच पडलंय. रोज संध्याकाळी मी भाजी घेऊन बसले की हे चहाचा कप घेऊन समोर येऊन बसतात. सासूबाई असत्या तर पाय हलवतो म्हणून ओरडल्या असत्या. मी म्हणते, हलवा.